पुकारलेलं नाव

शिलेदार गल्ली, कोल्हापूर
१९ ऑगस्ट २०२५

जोतीराम काका,

पायाला हात लावून नमस्कार. मी इंगवल्यांची संयोगिता. मागे फोन केला होता तेव्हा मी एवढी ओरडले की समोरच्या घरातनं दोघं धावत आले, कोण गेलं म्हणून. तुम्हाला मात्र एक अक्षर कळलं नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या लेकीच्या, क्रांतीच्या मोबाइलवर पाठवलं असतं, पण त्यावर बोट घासत बसणं तुम्हाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

काम असं आहे. तालमीसमोरच्या आपल्या स्मारकाचा चौथरा पार निखळलाय. दुरुस्तीची परवानगी मिळाली. गल्लीनं कमिटी केली आणि रिटायर शिक्षिका रिकामीच असते असं समजून मला सेक्रेटरी केलं. दगडावर काय आहे ते तुम्हाला पाठच आहे: ‘या गल्लीतून महायुद्धावर गेले ४१. परत आले नाहीत १४. सन १९२१.’ नाव एकाचंही नाही. चौदा माणसं तिकडं इराकात, बसऱ्याकडे गेली ती गेलीच आणि आपण नुसता आकडा पूजतोय. आम्ही काळ्या ग्रॅनाइटची पाटी लावणार आहोत, नावांची.

पण नावं आहेत कुठं? ती तुमच्या खराड्यांच्या तोंडात. दर खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली की तुम्ही दगडापुढे उभं राहून एकेक नाव पुकारायचा आणि ज्याच्या त्याच्या घरचं माणूस ‘हाजर’ म्हणायचं. तुम्ही कोडोलीला लेकीकडे गेल्यापासून तीन वर्षं हजेरी झालीच नाही. नुसता हार घालतो. तेव्हा चौदा नावं क्रमानं लिहून पाठवा. दहा सप्टेंबरपर्यंत कारागिराला द्यायचीत.

यंदा मी पुकारणार आहे. बाईमाणूस पुकारणार म्हणून दोघांनी नाक मुरडलं. मी चारचौघांत त्यांचे दहावीचे गणिताचे मार्क सांगितले. 

आई तशीच आहे. दोन वर्षं झाली, कुणाला ओळखत नाही. पुढच्या खोलीत खुर्चीत बसून दाराकडे बघत असते. परवा मलाच म्हणाली, “बाई, तुम्ही कुणाच्या?”

तुमची,
संयू


कोडोली
२५ ऑगस्ट

संयू बाळ,

तुजं पत्र आलं, बरं वाटलं. मी बरा हाय. गुडघं गेल्यात, कान तर कवाच गेलं. क्रांती बोलती ती मला नुसती तोंड हलवताना दिसती. सुख हाय म्हण की एक परकारचं.

पुकारायचं म्हणतीस तर पुकार. तुजा आवाज खणखणीत हाय. नावं सोबतच्या कागदावर लिहिल्यात. आता नेम ध्यानात ठेव. तोंड धोंड्याकडं, पाठ लोकांकडं. एक नाव, मग हाजर यायला थांबायचं, मग दुसरं. शेवटचं झालं की एक लांब श्वास होईस्तवर गप उभं राहायचं आन् मग हलगी वाजवायला सांगायचं. त्या श्वासात काय बोलायचं न्हाय. आन् मागं वळून बघायचं न्हाय, काय बी झालं तरी.

तुज्या आईला माजा नमस्कार सांग. कळू दे नायतर न कळू दे.

जोतीराम खराडे


कोल्हापूर
३० ऑगस्ट

काका,

कागद मिळाला. शेवटी तुम्ही रिटायर हवालदार, अक्षर म्हणजे अक्षर! पण नावं तेरा आहेत. मी तीनदा मोजली, मग कमिटीतल्या दोघांना मोजायला लावली. एक राहिलं. वय झालंय तुमचं, होतं असं. आठवून पाठवा.

तो शेवटचा थांबा मला आठवतो. लहानपणी मला वाटायचं, काकांना दम लागला असेल. मी मनातल्या मनात मोजायचे. आता वाटतंय, तिथं चौदावं नाव असणार आणि ते तुम्ही मनात म्हणत असणार. का, ते मात्र कळत नाही.

इथं काम सुरू झालंय. चौथरा फोडल्यामुळे नुसता धुरळा. एक गंमत सांगते. रोज सकाळी दगडाभोवतीची जागा स्वच्छ झाडलेली असते. बाकी सगळीकडे बोटभर धूळ आणि दगडाभोवती मात्र लख्ख. कामगारांना वाटतं मी माणूस लावलाय. मी लावलेला नाही. पण कुणीतरी आपुलकीनं करतंय, बरं वाटलं.

नाव तेवढं लवकर कळवा.

संयू


कोडोली
४ सप्टेंबर

संयू,

तेरा हायत ती बास हायत. तेराच कोर. आकडा कोण मोजतंय?

झाडणाऱ्याला हटकू नको. त्याचं त्याला करू दे.

जोतीराम


कोल्हापूर
९ सप्टेंबर

काका,

आकडा कोण मोजतंय म्हणता? मी मोजतेय! चौतीस वर्षं गणित शिकवलं मी. दगडावर चौदा आणि पाटीवर तेरा असं घेऊन मी लोकांसमोर उभी राहू?

रागावू नका, पण स्पष्ट विचारते. तो चौदावा कोण होता? कुणाच्या जातीमुळे तुमच्या घराण्यानं त्याचं नाव दाबलंय का? तसं असेल तर मी गप्प बसणार नाही. सगळ्यांत वर त्याचंच नाव कोरेन, मग गल्ली रुसू दे की फुगू दे. माणूस परमुलखात जाऊन मेला आणि आपण त्याला शंभर वर्षं एका श्वासावर गुंडाळतोय, याची मला लाज वाटते.

आता दुसरं. तुम्ही ‘झाडणाऱ्याला’ लिहिलंत. तो बाप्या आहे हे तुम्हाला कोडोलीत बसून कसं कळलं? मी आपल्या झाडूवाल्या चिमणाबाईला विचारलं. ती म्हणाली, “बाई, मी न्हाय. मी तितं झाडू लावतच न्हाय, माझी सासू बी लावत न्हवती.” का, तर म्हणे लावायला काही उरतच नाही. मग काल मी सकाळी साडेसहा वाजता स्वतः गेले. चांगलं उजाडलं होतं. धुळीत झाडूचे ताजे फराटे होते, अर्धगोल, एकाला एक लागून. पाऊल मात्र एकही नव्हतं, काका. झाडणारा जाताना कुठनं तरी जाणारच ना?

आणि काल दुपारी माइक लावून हजेरीचा सराव केला. तेरा नावं पुकारली, थांबले. माइकवाला आदर्श कानाला हेडफोन लावून बसला होता. मला म्हणतो, “मॅडम, मागं जे हाजर म्हणाले त्यांना जरा पुढं घ्या, आवाज लांबनं येतोय.” मागं कुणी नव्हतं. सरावाला मी आणि तो, दोघंच होतो.

मला खरं सांगा.

संयोगिता


कोडोली
१५ सप्टेंबर

संयू,

पाच दिवस तुजं पत्र उशाखाली ठेवलं. आता लिवतो. रागावलो न्हाय.

जातबित काय न्हाय, पोरी. चौदावं नाव तुज्याच घरातलं हाय. पिराजी इंगवले. तुजी पणजी शालूबाई, तिचा पैला नवरा. तू ज्याला पणजोबा म्हणून फोटोला हार घालतीस तो आकाराम, पिराजीचा धाकटा भाऊ. तुजा आजा पिराजीच्या पोटचा. बाप लढाईवर गेला तवा ते सा म्हयन्याचं होतं.

सतरा साली कागद आला, पिराजी गेला. घरच्यांनी दिवस घातलं. दोन वर्सांनी शालूबाईचा आकारामबरूबर पाट लावला. वाईट काय केलं न्हाय कुणी, तवा तशीच रीत होती. तिला अजून एक लेकरू झालं. एकवीस साली धोंडा उभा केला आन् त्याच्यावर चौदा कोरलं. पैली हजेरी माज्या आज्यानं पुकारली. तेरा घरांनी हाजर म्हटलं. मग आज्यानं पुकारलं, “पिराजी इंगवले!” आकाराम तोंड उघडणार एवढ्यात पार मागनं कोणतरी म्हणालं, “हाजर.”

आजा वळला. मागं पिराजी उभा. दाढी वाढलेली, अंगावर पलटणीचा फाटका कोट, हातात गाठोडं. तुर्कांच्या कैदेत होता, मग कुठल्या कुठल्या दवाखान्यात. कागद दुसऱ्याच कुणाचा तरी होता. टेसनावरनं चालत थेट गल्लीत आला तर सगळी धोंड्याम्होरं जमलेली. आपलं नाव ऐकलं, सवयीनं हाजर म्हणाला.

बाया किंचाळल्या. आकाराम मटकन खाली बसला. शालूबाई कडंवर तान्हं घेऊन उभी, ती हलली बी न्हाय. आन् सगळी गल्ली माज्या आज्याच्या तोंडाकडं बघाय लागली. आजा हट्टी माणूस. आमच्या घरचा नेम, पुकारलेलं नाव माघारी घ्यायचं न्हाय. धोंड्यावर आकडा कोरलेला. आज्यानं त्याला ओळखलं, संयू. दोघं एका तालमीत कुस्ती खेळलेलं. पर आजा त्याला म्हणाला, “पावणं, कुठलं तुम्ही?”

पिराजीनं शालूबाईकडं बगितलं. कडंवरच्या लेकराकडं बगितलं. मग म्हणाला, “लांबचा हाय.”

झालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पावणा म्हटलं की कुणालाच काय मोडाय नको, पाट बी नको आन् धोंडा बी नको.

तो गेला न्हाय पर. तालमीच्या पडवीत राहिला, तेहतीस वर्सं. सगळी गल्ली त्याला पावणंच म्हणायची. रोज सकाळी धोंड्याभवतीनं झाडायचा. म्या त्याला बगितलाय, मी चौदा वर्साचा होईस्तवर. तुज्या आज्यानं, सख्ख्या लेकानं, त्याला “पावणं, जरा सरका की” म्हटलेलं मी ह्या कानांनी ऐकलंय. लेकाला म्हाईत न्हवतं. त्याला म्हाईत होतं, आन् तो सरकला. शालूबाई त्याच्यासमोरनं जाताना कवा थांबली न्हाय, पर चालायची हळू.

दर हजेरीला तो पार मागं उभा असायचा. जित्या माणसाचं नाव मेलेल्यांत पुकारायचं कसं? म्हणून आजा तेरा पुकारायचा आन् गप उभा राहायचा. तो थांबा तितनं आलाय. चौपन्न साली पिराजी गेला. तरी बी नाव पुकारलं न्हाय. आज्यानं माज्या बापाच्या कानात सांगितलं, बापानं माज्या.

म्या अठ्ठ्याहत्तर सालापासनं पुकारलं. पैल्याच वर्सी त्या थांब्यात मागनं आवाज आला, हाजर. वाटलं, कोण तरी चेष्टा करतंय. दुसऱ्या वर्सी बी आला. चव्वेचाळीस वर्सं आला, संयू, आन् मी एकदा बी वळलो न्हाय. तुमी म्हणता काका कानामुळं गल्ली सोडून गेला. कानामुळं न्हाय. भ्यालो म्हणून आलो हितं. आता डाक्टर म्हणतो, कानाजवळ आपटबार फोडला तरी ऐकू यायचं न्हाय. पर खंडेनवमीला सकाळी परसात बसलेलो असलो की तेवढं एक ऐकू येतं. त्याला कोडोली लांब न्हाय.

आता तू ठरीव. माज्यानं व्हत न्हाय.

जोतीराम


कोल्हापूर
२१ सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मग तुमचा असा राग आला की समोर असता तर वाट्टेल ते बोलले असते. तुम्ही आमच्या घरी किती वेळा चहा प्यायलात! माझ्या वडलांच्या मांडीला मांडी लावून जेवलात. त्यांचे सख्खे आजोबा दारात असून आम्ही त्यांना आत घेतलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही भाकरी मोडत बसलात.

हे लिहून झाल्यावर रडले. तुमच्यावर ओरडून काय उपयोग? आमच्या घरातही शालूबाईला ठाऊक होतं, आकारामला ठाऊक होतं. त्यांनी तरी कुठं तोंड उघडलं?

मी काल संध्याकाळी पुढच्या दारात उभी राहिले आणि तालमीच्या पडवीकडे बघितलं. बावीस पावलं आहेत, मी मोजली. तेहतीस वर्षं तो माणूस बावीस पावलांवर राहिला आणि त्याला घरी येता आलं नाही.

पाटीवर आता पिराजीचं नाव कोरणार नाही. मीच त्यासाठी भांडत होते, पण ते परत न आलेल्यांत घातलं तर आपण त्यांना पुन्हा मारू. ते परत आले होते. पाटीवर तेराच राहतील, आणि दगडावरचा आकडा चुकीचा आहे असं मी माइकवरनं सांगणार आहे. कमिटी तयार होईल की नाही माहीत नाही. नाही झाली तरी सांगणार.

पण खरं सांगू? मला भीती वाटते. दुपारी एकटी असले की दाराकडे बघवत नाही. आई मात्र टक लावून तिकडंच बघत असते.

संयू


कोडोली
२६ सप्टेंबर

संयू,

बोललीस ते बरं केलंस. मला कोणतरी बोलायला पायजे होतं.

तेरा नावं धोंड्याकडं तोंड करून पुकार. चौदावं मेलेल्यांत न्हाय, म्हणून ते धोंड्याला सांगू नको. वळ. मागं तोंड करून, त्याच्याकडं बघून नाव घे. मला जमलं न्हाय ते तू कर. भिऊ नको, तुजाच माणूस हाय तो.

जोतीराम


कोल्हापूर
२ ऑक्टोबर, दसरा

काका,

काल झालं सगळं.

गर्दी खूप होती. तेरा नावं पुकारली, तेरा घरांनी खणखणीत हाजर म्हटलं. मग मी वळले. शंभर वर्षांत पुकारणारा वळलेला कुणी बघितला नव्हता, सगळे चपापले. मी म्हणाले, “पिराजी इंगवले. हे लढाईत कामी आले नाहीत. हे घरी आले होते. आपणच त्यांना ओळख दिली नाही. माझे पणजोबा आहेत.” बास, एवढंच. पाठ केलेलं भाषण विसरले.

मग थांबले.  मी गर्दीच्या पार मागं बघत होते, तालमीच्या पडवीपर्यंत. कुणी हाजर म्हणालं नाही. आदर्शला विचारलं, तो म्हणाला, “काहीच नाही मॅडम, एकदम क्लीन.” हलगी वाजली. दोनचार म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या, म्हणजे त्यांनाही कुठंतरी ठाऊक असणार. कमिटीतल्या एकानं मात्र बोलणं टाकलंय माझ्याशी.

सुटलो आपण, असं वाटतंय. आज सकाळी दगडाभोवती धूळ तशीच होती. मी स्वतः झाडून काढली. खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

तुम्हाला काल काही ऐकू आलं का?

संयू


कोडोली
६ ऑक्टोबर

संयू,

आलं. त्या दिवशी आठ वाजल्यापासनं परसात बसलोवतो. तुजा आवाज आला, एकेक नाव सपष्ट. तू वळलेली बी कळली. मग त्याचा आवाज आला. पर हाजर न्हाय म्हणाला ह्या वक्ताला. धोंड्यापाशी न्हवता तो. तो म्हणाला, “आत येऊ का?”

तवापासनं रोज सकाळी ऐकतोय. रोज एकदाच इचारतो. आवाजात घाई न्हाय, राग न्हाय. धूळ कोण झाडणार आता? तो तुमच्या दारात उभा हाय, बाळ. तू त्याला नाव दिलंस, पणजोबा म्हणालीस, आन् घरला जाऊन दार लावून घेतलंस.

मला ऐकू येतंय पर मी उत्तर देऊन काय उपेग? माजं घर न्हाय ते. घरच्यानं बोलायला पायजे. लई वर्सं उभा हाय गं तो. आता उभा ठेवू नको.

जोतीराम


कोल्हापूर
१० ऑक्टोबर

काका,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. मी ते दारातच उभी राहून वाचलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर कडी लावली. सांगायला लाज वाटते. लहानपणापासून शूर म्हणवून घेतलं मी, आणि माझ्याच पणजोबांच्या तोंडावर दार लावलं. तसंच दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेर काही आवाज नव्हता. रिक्षा जात होत्या, कुणाचा तरी कुकर वाजत होता.

आज सकाळी आंघोळ केली, आईला खुर्चीत बसवलं, तिचे केस विंचरले. मग दोन्ही दारं सताड उघडली. बाहेर छान ऊन पडलं होतं. समोर कुणी नव्हतं. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. नुसतं म्हणाले, “या. घर तुमचंच आहे.”

काही झालं नाही. वारा नाही, काही नाही. मला स्वतःचंच हसू आलं. साठी उलटलेली बाई, उघड्या दाराला बोलावतेय. चहा टाकावा म्हणून वळले तर आई.

काका, आईला दोन वर्षं मी जेवू घालते. ती हात उचलत नाही. तिनं हात उचलला. पदर हुडकला, डोक्यावरनं नीट पुढं ओढला, थोरल्या माणसासमोर सुना घेतात तसा. मग खुर्चीत जराशी बाजूला वळून बसली, नजर खाली. दारातनं कुणी आत येऊन पलीकडच्या खुर्चीकडे चाललं असेल तर जशी वाट द्यावी तसे तिनं पायही मागं घेतले.

आणि म्हणाली, अगदी स्वच्छ, “कवा आलासा? बसा की.”

मी पाणी आणायला आत गेले.

संयोगिता